शेवटच्या शब्दापासून

पोरीनं पान उलटलं आणि मला कळलं की ती वाचत नाही.

ती माझी नात. दहा वर्षांची, पाचवीत. चर्चच्या स्टेजवर मोठ्या बायबलासमोर उभी राहून मत्तयाचा पाचवा अध्याय वाचत होती. संडे स्कूलचा वार्षिक कार्यक्रम होता. मंडळी दारापर्यंत भरलेली होती. वर्ग माझा, म्हणून माईक धरून मी तिच्या शेजारी उभी होते. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज खणखणीत होता, कुठं अडत नव्हती. मिठाचं वचन झालं आणि तिनं पान उलटलं.

माझ्या घरच्या जुन्या पुस्तकात मिठाच्या वचनानंतर पान उलटावं लागतं. चर्चच्या पुस्तकात ते वचन डाव्या पानाच्या मध्यावर होतं आणि उजवं पान अख्खं शिल्लक होतं. तिनं ते सोडून दिलं, पुढच्या पानावर बोट टेकवलं आणि दिव्याचं वचन म्हणू लागली. बोटाखाली भलतंच छापलेलं होतं.

मी म्हटलं, "थांब. बोटाखालचा शब्द वाच."

माईक माझ्या तोंडाशी होता. तो मी खाली केला नाही.

तिनं दिव्याचं वचन पुन्हा सुरू केलं.

"वचन नको. शब्द. बोटाखाली कोणता शब्द आहे?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी पुस्तकाची पानं भराभर मागं टाकली, कुठलंतरी पान काढलं आणि त्यावर बोट आपटलं. "हे वाच. पाचवीत आहेस ना?"

तिनं त्या पानावर बोट टेकवलं. मग तिच्या नव्या फ्रॉकखालून लाल कार्पेटवर पाणी उतरलं. पुढं बसलेल्या पोरांतलं एक हसलं, मग सगळी हसली. मी माईकमध्ये म्हणाले, "हिला वाचता येत नाही. नुसतं पाठ आहे."

पाळकीणबाई, आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, धावत आल्या आणि तिला शाल गुंडाळून मागच्या खोलीत घेऊन गेल्या. मी माईक पुढच्या वर्गाच्या बाईंकडं दिला आणि जागेवर जाऊन बसले. कार्यक्रम पुढं चालू राहिला. शेवटी नाश्ता होता, तो मी खाल्ला.

तिथंच बोलायची काय गरज होती, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. गरज काही नव्हती. मला राग आला होता. तीस वर्षं मी पडेगावात लेकरांचा बायबलचा वर्ग घेत होते. मी स्वतः चौथी पास, तीही बिडकीनच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत, जिथं मास्तर आठवड्यातून तीन दिवस यायचे. तरी माझ्या वर्गातली लेकरं जिल्ह्याच्या पाठांतर स्पर्धेत दरवर्षी बक्षीस आणायची. लोक माझं नाव घ्यायचे. त्या एका पानानं मला दिसलं की माझी घरची पोर अक्षर न ओळखता माझ्या डोळ्यांसमोर पाच वर्षं वाचत होती आणि मला पत्ता नव्हता. तो राग मला माझा आला होता. काढला तिच्यावर.

माझी शिकवायची रीत सोपी होती. मी पुस्तक धरून एक वचन म्हणायची, लेकरं माझ्यामागून म्हणायची. दहा वेळा, वीस वेळा. मग पुस्तक लेकराच्या हातात द्यायचं आणि त्यानं बोट फिरवत म्हणायचं. बोट फिरवायचं हे मीच शिकवलेलं. वचनाचा आदर राहतो, असं मी सांगायची. माझ्या नातीनं बोटसुद्धा बरोबर वेगानं फिरवायला शिकून घेतलं होतं. कुठल्या वचनानंतर पान उलटायचं हेही तिनं वचनासारखंच पाठ केलं होतं. एवढी अक्कल जिला आहे तिला अक्षर येत नाही, हे कुणाच्या डोक्यात येणार?

एकीच्या डोक्यात आलं होतं. घरी गेल्यावर सून भांडी घासत होती. ती शहरातल्या एका दवाखान्यात आया आहे, सकाळी जाते आणि अंधार पडता पडता येते. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तिसरीपासून. शाळेची बाई वहीत लिहून धाडायची. मी सही करायची."

"आणि माझ्याशी बोलली नाहीस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चारचौघांत काढलं असतं." तिनं पातेलं पालथं घातलं. "काढलंच."

त्यानंतर ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि माझ्याकडं सरकवायची.

गल्लीतल्या पोरांनी नातीचं नाव ब्लूटूथ पाडलं. वायर नाही, काही नाही, आवाज मात्र येतो, म्हणून. दुकानात गेली तरी मागून ओरडायची, "ए ब्लूटूथ, कनेक्ट झाली का?" एकदा मलाच हसू आलं. तिनं ते पाहिलं.

एप्रिलात परीक्षा झाली. आता पाचवीला नापास करतात. पहिली ते चौथी लेकरू नुसतं वर सरकत जातं आणि पाचवीला अडतं. मे लागल्यावर निकाल घ्यायला मी गेले, कारण मुलगा आणि सून दोघंही कामावर होते. मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि इंग्रजी, चारही विषयांत नापास. वर्गाच्या बाई तरुण होत्या, दमलेल्या दिसत होत्या.

"आजी, तोंडी विचारा, ही वर्गात पहिली. मी प्रश्न वाचून दाखवला की हिचं उत्तर तयार. कागद दिला की कोरा."

"मग चार वर्षं वर कशाला ढकलली?"

"ढकलावीच लागते."

"म्हणजे तुम्हीही माझ्यासारख्याच."

बाईंना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. त्यात निघाली तर सहावीत. नाहीतर परत पाचवी."

परत पाचवी हे माझ्या मुलाला मान्य नव्हतं. तो बिडकीनकडच्या एका कंपनीची बस चालवतो. संध्याकाळी आला, निकाल बघितला आणि चपला न काढता ओट्यावर बसला.

"माय, तीस वर्सं तू लोकाच्या लेकरांना शिकवती. घरच्या लेकराला क येत नाय."

"तुला तरी कुठं कळलं?"

"म्या बस चालवतो. म्या मास्तर नाय."

मग त्यानं ठरवलेलं सांगितलं. जूनमध्ये निघाली तर ठीक. नाही निघाली तर फर्दापूरला, तिच्या मावशीकडं. मावशीचं लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी जेवणाचं हॉटेल आहे. तिला हाताखाली कुणीतरी पाहिजेच होतं.

"दहा वर्सांची पोर हाय ती," मी म्हणाले.

"मावशी काय परकी हाय? खाऊन पिऊन ऱ्हाईल. हितं ठिवून तू काय करशील, आनखी पाठ करून घेशील?"

पोर दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी म्हणाले, "जूनपर्यंत माझ्याकडं दे."

"तूच वाटोळं केलं तिचं."

"म्हणून तर म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ओट्यावर बसवलं. शाळेचं पुस्तक काढलं नाही. त्यातले अर्धे शब्द तिनं कधी ऐकलेले नव्हते आणि तिला समजावून सांगण्याइतकं माझंही शिक्षण नाही. मी माझं जुनं बायबल काढलं आणि तेविसावं स्तोत्र उघडलं. मेंढपाळाचं. सहा वचनांचं आहे आणि तिला झोपेतही येतं. एका जुन्या लग्नपत्रिकेला मी बोटाएवढं भोक पाडलं, म्हणजे एका वेळी एकच शब्द दिसेल. पत्रिका ठेवली, म्हणाले वाच. तिनं पहिला शब्द सांगितला, दुसरा सांगितला आणि मी पत्रिका सरकवायच्या आत तिसरा, चौथा, सगळं वचन म्हणून मोकळी. ती बघतच नव्हती.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोधडी उसवत बसले होते. गोधडी उसवताना शेवटच्या गाठीपासून सुरुवात करतात. तेव्हा सुचलं. संध्याकाळी मी पत्रिका स्तोत्राच्या शेवटच्या शब्दावर ठेवली आणि म्हणाले, "इथून मागं यायचं."

ती पुस्तकावर वाकली. उलटं तिला काहीच पाठ नव्हतं. आता तिला बघावंच लागणार होतं.

पाठांतराचा उपयोग इथं झाला आणि तो खरा आहे, म्हणून लिहिते. त्या स्तोत्रात कोणकोणते शब्द आहेत हे तिला आधीच माहीत होतं. कुठला शब्द कुठला, तेवढंच माहीत नव्हतं. शाळेच्या पुस्तकातला शब्द तिला परका होता, इथला एकही परका नव्हता. भोकात जो दिसेल तो तिच्या ओळखीचाच असणार. मग ती अंदाज बांधायची. लांबडा आहे, वर वेलांटी आहे, 'म'नं सुरू होतो. मनातल्या मनात सगळं वचन म्हणून बघायची आणि त्यातला एक शब्द उचलायची. बरोबर आला तर मी पुढं जायची. चुकला तर तिच्या बोटांवर लाकडी पळी मारायची.

पळी मारायची, हो. दहा शब्द झाल्याशिवाय चहा द्यायची नाही. रडली तर म्हणायची, फर्दापूरला गेल्यावर रडायला वेळ मिळणार नाही, आत्ताच रडून घे. सहावं वचन उलटं पूर्ण व्हायला चार दिवस लागले. आठव्या दिवशी एकाच शब्दावर ती पाचव्यांदा चुकली, मी पळी उचलली आणि तिनं माझा हात धरून मनगटाच्या वर चावा घेतला. रक्त आलं. मी तिला दुसऱ्या हातानं थोबाडीत दिली, मग हळद लावून आले आणि पत्रिका परत त्याच शब्दावर ठेवली. तिनं तो बरोबर सांगितला. मनगटावर खूण अजून आहे.

मेच्या मध्यापर्यंत तिनं स्तोत्र उलटं आणि सुलटं दोन्हीकडून वाचलं. मग मी मेंढराचा दाखला काढला, शंभरातलं एक हरवतं तो. तो तिला अर्धामुर्धाच पाठ होता. त्यातले पाठ नसलेले शब्दही ती जोडून जोडून काढू लागली. मी शाबासकी दिली नाही. सवय नव्हती.

गणितात तिचं अडत होतं ते वेगळंच होतं. हिशेब तिला तोंडी येत होता. प्रश्नच वाचता येत नव्हता. किती उरले, एकूण किती, प्रत्येकी किती, हे शब्द कळले की उत्तर तयार. मेंढराच्या दाखल्यावर मी तिला गणितं घातली. शंभरातून अठ्ठावीस हरवली तर उरली किती, चार कळपांत सारखी वाटली तर प्रत्येकी किती. मी ती कागदावर लिहून द्यायची आणि तिनं वाचून सोडवायची.

त्याच दिवसांत आमच्या मागच्या शेतात एका धनगराची मेंढरं बसवली होती. उन्हाळ्यात शेतकरी खतासाठी बसवून घेतात. मी तिला घेऊन गेले. धनगर म्हातारा होता, बाभळीखाली बिडी ओढत बसलेला. मी तिला म्हटलं, बाबांना दाखला वाचून दाखव. तिनं अडखळत वाचला. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"नव्वद नऊ रानात सोडून एकाच्या मागं गेला?"

"व्हय," ती म्हणाली.

"असला मेंढका म्या कामावर ठिवनार नाय. नव्वद नऊ कुनाच्या भरवशावर? लांडगं काय उपास धरत्यात?"

पोर हसली. स्टेजच्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं. तिनं विचारलं, "बाबा, तुमची किती हायेत?"

"चार विसा आन् सात."

"म्हंजे?"

"वीस मोजायची, एक खडा ठिवायचा. आनखी वीस, आनखी एक खडा. मोज की, बस मोजत."

ती मोजत बसली. मेंढरं हलत होती, ती परत परत चुकत होती. शेवटी चार खडे ठेवून उरलेली सात मोजली आणि वहीत चार गुणिले वीस अधिक सात लिहून सत्त्याऐंशी काढले. म्हातारा वहीकडं बघत म्हणाला, "मला त्यातलं काय वाचाया येत नाय. पर माजं मेंढरू कुनी उचललं तर राहिलेल्यांची तोंडं बघून सांगतो कोन गेलं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मला तिचं ते बघणं आवडलं नाही. मी म्हणाले, "बघ. मेंढरं राखायची असली तर शिकू नको."

म्हातारा म्हणाला, "राखाया बी अक्कल लागती, म्हातारे." आणि बिडी विझवून उठून गेला.

जलप्रलयातल्या नोहाच्या तारवाची, म्हणजे मोठ्या नावेची, मापं तिला पाठ होती. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. मी म्हणाले, मोज. एक हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. ती आमच्या उंबऱ्यापासून रस्त्यावर हात टेकवत निघाली, मे महिन्याच्या उन्हात, गुडघ्यांवर. पोरं मागं लागली, "ब्लूटूथ तारू बांधती, ब्लूटूथ तारू बांधती." पिठाच्या गिरणीच्या पुढं तीनशे भरले. परत आली तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली होती. मी खोबरेल लावलं आणि म्हणाले, आता भोवतालून किती? तिनं सातशे सांगितले. परिमिती तिला पुन्हा कधी शिकवावी लागली नाही. क्षेत्रफळाला मात्र दोन दिवस गेले, कारण ते मलाच येत नव्हतं. शेजारच्या डी.एड. झालेल्या मुलीकडून आधी मी शिकून घेतलं.

परिसर अभ्यासाला बायबलची शेवटची पानं कामाला आली. तिथं येशूचा निरोप गावोगाव नेणाऱ्या पौलाच्या फेऱ्यांचे नकाशे असतात. तीस वर्षं मी ती पानं उघडली नव्हती. खाली सूची असते, कडेला मापाची पट्टी असते. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत दोरा लावायचा आणि तो पट्टीवर मोजायचा. गावांची नावं तिला वचनांतून माहीत होती, ती नकाशावर सापडली की तिला मजा यायची. मग तिनं आपण होऊन शाळेच्या पुस्तकातला महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि दोरा आपल्या शहरापासून वर अजिंठ्याकडं लावला.

"शंभराच्या आसपास," ती म्हणाली.

"काय?"

"फर्दापूर. किलोमीटर." दोरा गुंडाळत विचारलं, "एका दिवसात चालत परत येता येईल का?"

मी म्हणाले, "नाही."

इंग्रजीला बायबलचा काही उपयोग झाला नाही. ते शेजारच्या मुलीनं शिकवलं, तेही मोबाइलवर. एकदा पोरीनं विचारलं की जग सहा दिवसांत झालं की शाळेच्या पुस्तकात आहे तसं. मी म्हणाले, परीक्षेत परीक्षेचं लिही, देवाला तुझी उत्तरपत्रिका तपासायची नाही. पाळकीणबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या नाराज झाल्या. होऊ देत.

फेरपरीक्षेला मीच तिला घेऊन गेले. येताना म्हणाली, "प्रश्न सगळे वाचले." एवढंच.

ती निघाली. काठावर, पण चारही विषयांत. बाईंनी मला गणिताचा कागद दाखवला. मैदानाच्या परिमितीचं उत्तर बरोबर होतं आणि पुढं मीटर लिहायचं तिथं तिनं 'हात' लिहिलं होतं.

"हे हात कुठून आलं, आजी?"

"माझ्याकडून," मी म्हणाले. त्याचे गुण कापले होते. बरोबर कापले.

मुलगा त्या संध्याकाळी जिलेबी घेऊन आला. सून मला म्हणाली, "खा." चार महिन्यांनी तोंडातून निघालेला पहिला शब्द. पोरीनं दोन कडी खाल्ली आणि आत जाऊन झोपली.

पुढच्या रविवारी मी माझ्या वर्गातल्या चौदा लेकरांसमोर एकेक करून न शिकवलेलं पान ठेवलं. यावेळी बाजूच्या खोलीत, दार लावून. पाच जणांना वाचता आलं नाही. त्यातला एक मुलगा आदल्या वर्षीचं पहिलं बक्षीस घेतलेला. मी आईबापांना सांगितलं. दोघांनी आपली लेकरं वर्गातून काढली. म्हातारी आज खोलीत बोलली, उद्या स्टेजवर बोलेल, म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. राहिलेल्या तिघांना मी पत्रिका आणि भोक घेऊन शेवटच्या शब्दापासून वाचायला बसवलं. पळी घरी ठेवली. पळीशिवायही ती वाचायला लागली. थोडा जास्त वेळ लागला, एवढाच फरक. हे मला मे महिन्यात कळलं असतं तर बरं झालं असतं.

वर्ष फिरून आलं तसं पाळकीणबाई घरी आल्या.

"आजी, यंदा स्टेजवरून साक्ष तुम्ही द्या. शास्त्राच्या अभ्यासानं लेकरांचे शाळेचे सगळे विषय कसे सुधारतात ते मंडळीला कळू द्या. तुमच्या घरातच उदाहरण आहे. आणि नातीला एक अध्याय वाचू द्या. गेल्या वर्षीचं सगळं पुसून जाईल."

पोर आत अभ्यास करत होती. मी हाक मारून विचारलं.

"म्या नाय येनार," ती आतूनच म्हणाली.

"आता येतं की तुला. कोणतंही पान उघडलं तरी येतं."

"येतं. पर तुझ्या हातात माईक असतो."

पाळकीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या निघाल्या.

साक्ष मी दिली. पाठ असलेले शब्द लेकराला छापलेले शब्द ओळखायला कसे मदत करतात ते सांगितलं, मेंढरांवरची गणितं सांगितली, तारू आणि नकाशा सांगितला. यातलं खोटं काहीच नव्हतं. लोकांनी आमेन म्हटलं. पळीचं, चहाचं आणि थोबाडीचं मी सांगितलं नाही. मनगट पदराखाली होतं. ती घरीच होती. तेव्हापासून ती चर्चला आलेली नाही. मुलगा बोलला, सून बोलली, पाळकसाहेब स्वतः येऊन गेले. ती सगळ्यांचं ऐकून घेते आणि रविवारी सकाळी केस धुवायला बसते.

आता ती सातवीत आहे. दिसेल ते वाचते. बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बापाच्या ड्यूटीचा कागद, वाण्याकडच्या पुड्यांचे कागद. ओळीवर बोट ठेवत नाही.

यंदा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचं होतं आणि महिनाभर मला पुस्तकातलं काही दिसत नव्हतं. एका दुपारी मी तिला म्हणाले, मेंढपाळाचं स्तोत्र वाचून दाखव. मला ते पाठ आहे, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकावंसं वाटलं. ती उठली, माझं जुनं पुस्तक घेऊन आली आणि समोर बसली.

तिनं शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली. सहाव्या वचनाचा शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, कुठंही न अडता. मला वाटलं थट्टा करते आहे, थोड्या वेळानं सरळ वाचेल. तिनं सरळ वाचलं नाही. सहावं, पाचवं, चौथं, करत ती पहिल्या वचनाच्या पहिल्या शब्दापर्यंत आली. मी मध्ये दोनदा "बस" म्हणाले. ती थांबली नाही.

वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"अशीच शिकवली होती ना," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

सूनबाईच्या मते पोर आता माझ्यावर गेली आहे. माझ्या मुलाला वाटतं, माय कडक होती म्हणून लेक तरली. मंडळीत अजून माझीच साक्ष सांगतात. म्हणतात, आजीनं त्या उन्हाळ्यात लई सोसलं.

सोसलं ते तिनं. ती दहा वर्षांची होती.